नेतृत्व मागणारे आणि नेतृत्व टाळणारे



बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाचे अर्ज भरले जातात आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या मोहल्ल्यांतून मुले-मुली महाविद्यालयाची वाट धरतात. कोणी १९४५ साली सुरू झालेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात जातो, कोणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, कोणी दापोलीच्या कृषी विद्यापीठात, तर कोणी मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात. घरातून निघताना त्यांना जो उपदेश मिळतो, तो बहुतेक घरांत एकसारखाच असतो. अभ्यास कर, नमाज सोडू नकोस आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस. पहिल्या दोन गोष्टींबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तिसऱ्या गोष्टीचा मात्र दीनच्या प्रकाशात विचार व्हायला हवा. कारण तीन-चार वर्षे जो तरुण कुणाच्याच अध्यात-मध्यात नसतो, तो पदवी घेऊन परत येतो तेव्हा चार माणसांना एकत्र कसे बसवावे, हिशोब कसा मांडावा, मतभेद कसा मिटवावा, यांपैकी काहीच शिकलेला नसतो. आणि मग गावच्या जमातीची बैठक तीस वर्षांपूर्वी जशी चालत होती, तशीच चालू राहते.

याच्या उलट एक वर्ग आहे, त्याचाही उल्लेख प्रथमच करून ठेवतो. त्याला पद हवे असते. कामाशी त्याला फारसे कर्तव्य नसते; फलकावर नाव, मंचावर खुर्ची आणि मोबाइलवर फिरणारे छायाचित्र एवढ्यावर त्याचे समाधान होते. टाळणारा आणि मागणारा हे दोघे वरवर परस्परांच्या विरुद्ध दिसतात, परंतु दोघांचेही लक्ष स्वतःवरच असते. एकाला स्वतःचा बचाव हवा, दुसऱ्याला स्वतःचा गौरव.

आपला दीन या दोघांशी काय बोलतो?

ह. अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अधिकारपद मागू नये अशी शिकवण दिली. मागून मिळालेल्या पदाचा भार माणसावर एकट्यावर टाकला जातो आणि न मागता मिळाले तर त्यात अल्लाहचे साहाय्य लाभते, असा त्या हदीसचा आशय आहे. ह. अबू जर (रजि.) यांचे उदाहरण तर अधिक विचार करायला लावणारे आहे. त्यांच्या सत्यनिष्ठेची आणि विरक्तीची ग्वाही स्वतः प्रेषितांनी दिलेली. तरीही त्यांनी पदाची इच्छा व्यक्त केली तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की या कामासाठी तुम्ही दुर्बल आहात, ही अमानत आहे आणि जो तिचा हक्क पुरा करणार नाही त्याच्यासाठी कयामतच्या दिवशी ती अपमान व पश्चात्ताप ठरेल. पाहा, चांगला माणूस असणे वेगळे आणि लोकांचे काम सांभाळण्याची क्षमता असणे वेगळे. आपल्याकडे मुलगा नमाजी आहे, स्वभावाने गरीब आहे, एवढ्यावर त्याला पुढे केले जाते आणि कुणी हरकत घेतली तर त्याच्या नमाजवर शंका घेतल्यासारखे मानले जाते. प्रेषितांनी असा घोळ केला नाही.

मग प्रश्न उरतो ह. यूसुफ (अ.) यांचा. कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये ते स्वतःहून राजाला सांगतात की देशाची कोठारे माझ्या हवाली करा. हे पद मागणे नव्हे काय? मुफस्सिरांनी याचा उलगडा केला आहे. दुष्काळाची सात वर्षे समोर दिसत होती, धान्य साठवून पुरवून वाटण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि ते काम न्यायाने करील असा दुसरा माणूस तेथे नव्हता. शिवाय आपली पात्रता सांगताना त्यांनी आपले घराणे सांगितले नाही, सौंदर्य सांगितले नाही. जतन करणारा आहे आणि जाणकार आहे, एवढेच सांगितले. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी कसोटी येथे आहे. वर्ग प्रतिनिधीच्या जागेसाठी नाव द्यावे की न द्यावे, असा प्रश्न पडला तर स्वतःला विचारा : कोणते काम अडले आहे, ते मला येते काय, आणि माझ्यापेक्षा ते अधिक चांगले करणारा कोणी आहे काय? तसा कोणी असेल तर त्याचे नाव सुचवा आणि त्याच्याबरोबर काम करा. नसेल तर मागे सरण्याला विनय म्हणता येणार नाही.

वयाचा मुद्दा आपल्या समाजात हमखास निघतो. पोराटोरांना काय कळते, असे म्हणणारे वडीलधारे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ह. उसामा बिन जैद (रजि.) यांना प्रेषितांनी सीरियाच्या सीमेकडे निघालेल्या सैन्याचे सेनापती नेमले तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते आणि त्यांच्या हाताखाली ह. उमर (रजि.) यांच्यासारखे ज्येष्ठ सहाबा होते. लोकांत कुजबुज झालीच. प्रेषितांनी ती ऐकून घेऊन ठामपणे सांगितले की उसामा या पदास पात्र आहे. पुढे प्रेषितांच्या निधनानंतर ह. अबू बक्र (रजि.) यांनी तेच सैन्य त्याच सेनापतीच्या नेतृत्वाखाली रवाना केले. निरोप देताना उसामा घोड्यावर होते आणि खलीफा पायी चालत होते. मदीनेत सल्ल्यासाठी ह. उमर यांची गरज होती, तर त्यांना मागे ठेवण्यासाठी खलीफाने त्या तरुण सेनापतीची परवानगी मागितली. हुकूम दिला असता तरी चालले असते. परंतु एकदा जबाबदारी दिली की तिचा मानही द्यावा लागतो, हे ज्येष्ठांनी त्या प्रसंगातून शिकावे.

आता या जबाबदारीच्या वाटा महाविद्यालयात कोणत्या आहेत, हे पालकांना ठाऊक असावे म्हणून थोडे सांगतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातील महाविद्यालयांत थेट निवडणुका बंद झाल्या व गुणांच्या आधारे विद्यार्थी प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, प्रत्यक्ष निवडणुका मात्र त्यानंतरही लांबणीवर पडत गेल्या. या कायद्यातील विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष व सचिव यांच्याबरोबर एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातील एक प्रतिनिधी असतो. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा व सांस्कृतिक विभाग यांतूनही विद्यार्थी घेतले जातात. निवडणुकीत गैरप्रकार होऊ नयेत म्हणून लिंगदोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराने पाच हजार रुपयांहून अधिक खर्च करू नये, त्याची हजेरी किमान ७५ टक्के असावी आणि छापील भित्तिपत्रके न लावता हाताने तयार केलेलीच लावावीत, असे त्यांत म्हटले आहे. कुवेत-कतारमधून बाप पैसे पाठवतो आणि मुलगा नेतेगिरीपायी वर्गात दिसत नाही, अशा घरांनी हजेरीची ती अट भिंतीवर लावून ठेवावी.

परंतु माझ्या मते खरी शाळा परिषदेत नसून राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. १९६९ पासून ती देशभर चालू आहे. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एखाद्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर. वाढीव गुणांपुरती नोंदणी करणारे तेथेही असतात, ते सोडून द्या. पण ज्याने सात दिवस एका परक्या गावच्या शाळेत पन्नास-साठ मुलांबरोबर मुक्काम केला, पाण्याची पाळी लावली, भांडी घासण्यावरून झालेले भांडण मिटवले, बंधाऱ्यासाठी दगड उचलले, त्याला समाज म्हणजे काय ते कळते. प्रवासात तिघे असले तरी त्यांनी आपल्यातील एकाला अमीर करावे, ही प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आहे. नेतृत्वाचा आरंभ तिघांपासून होतो. त्यासाठी हजारांची सभा लागत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून तरुण मदतीला धावले. पाणी ओसरले की घराघरात गुडघाभर चिखल असतो, आणि त्या वेळी उत्साहाइतकीच दुसरी एक गोष्ट लागते. कोणत्या आळीत कोण जाणार, कोणत्या घरात म्हातारे जोडपे एकटे आहे, कोणाकडे धान्य दोनदा गेले आणि कोणाकडे एकदाही नाही, याची यादी लागते. ती यादी करण्याची सवय संकटाच्या दिवशी येत नाही. ती आधी कधीतरी शिबिरात, स्नेहसंमेलनात, वाङ्मय मंडळाच्या एखाद्या साध्या कार्यक्रमात लागलेली असावी लागते.

येथे काही पालक म्हणतील, हे सारे ठीक, पण काळ कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही काय? माहीत आहे. आपला मुलगा एखाद्या वादात ओढला जाईल, मोबाइलवर फिरलेल्या एका खोट्या मजकुरामुळे त्याचे शिक्षण थांबेल, ही भीती निराधार नाही आणि ती बोलून दाखवणाऱ्या आईला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु या भीतीवर आपण जो उपाय करतो, तो तपासून पाहा. आपला मुलगा वर्गात आपल्याच चार मुलांच्या बाकावर बसतो, त्यांच्याबरोबरच डबा खातो, त्यांच्याबरोबरच घरी येतो. तीन वर्षांनंतर वर्गातील इतर साठ मुलांना त्याचे नाव सोडून काहीही ठाऊक नसते. मग एखादी अफवा आली तर ती खोटी आहे हे कोण सांगणार? ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्याविषयी काहीही खपते. ज्याने वर्गातील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले, आजारी मुलाला वह्या पोहोचवल्या, सहलीचा हिशोब पैशापैशाने दिला, त्याच्याविषयी काही वाईट बोलले गेले तर पहिला विरोध त्याच्या वर्गातूनच होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना नुबुव्वत लाभण्यापूर्वी मक्का त्यांना अल-अमीन म्हणून ओळखत होती. हे नाव त्यांना कोणत्याही पदामुळे मिळालेले नव्हते. ते मिळाले बाजारात, प्रवासात, शेजारात, आणि देणारे लोक मुसलमान नव्हते. काबागृहाच्या पुनर्बांधणीत हजरे अस्वद कोणी बसवावा यावरून कबिले हातघाईवर आले, तेव्हा उद्या सकाळी जो प्रथम येईल त्याचा निवाडा मानायचा असे ठरले. आत आले ते पस्तीस वर्षांचे मुहम्मद (स.). सर्वांनी समाधान व्यक्त केले. त्यांनी चादर मागवली, पाषाण तिच्यावर ठेवला आणि प्रत्येक कबिल्याच्या प्रतिनिधीला एक टोक धरायला लावले. मान सर्वांचा राखला गेला आणि काम एकाच वेळी झाले.

त्याहीपूर्वी, महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वयाचे, सुमारे वीस वर्षांचे असताना ते हिल्फुल फुदूलमध्ये सामील झाले होते. यमनच्या जुबैद कबिल्यातील एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका वजनदार सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. परक्याचा वाली कोण? अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही कबिल्यांतील लोक जमले आणि त्यांनी शपथ घेतली की अन्याय झालेला माणूस मक्केचा असो वा बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. नुबुव्वतीनंतरही प्रेषितांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि आजही मला त्यासाठी बोलावले तर मी जाईन, असे सांगितले.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, समाज उभारणे म्हणजे केवळ आपल्या मुलांचा गट करणे असे समजू नका. लांज्याच्या कुणबी मुलाचा महाडीबीटीवरील अर्ज एका दाखल्यापायी अडला असेल, मंडणगडच्या बौद्ध मुलीला वसतिगृहात जागा मिळत नसेल, मिरकरवाड्याच्या मुलाला बोटीवर जावे लागल्याने सत्र परीक्षा बुडण्याची वेळ आली असेल, तर या तिन्ही तक्रारी एकाच कागदावर प्राचार्यांकडे नेणारा विद्यार्थी हिल्फुल फुदूलच्या वाटेने जातो. जो फक्त तिसरीच तक्रार नेतो, त्याने आपल्या माणसांचे काम केले, हेही चांगलेच. पण त्या करारातील शपथ याहून मोठी होती.

काम हाती आल्यावर दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण पैशाचे. वसुलीसाठी नेमलेले इब्नुल्लुतबिया नावाचे गृहस्थ परत आले आणि म्हणाले, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषितांनी मिंबरवर उभे राहून विचारले की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती काय? स्नेहसंमेलनासाठी शहरातील दुकानदारांकडून जाहिराती गोळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा प्रश्न पाठ करावा. पावतीपुस्तक, खर्चाची वही आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांच्या आत सूचना फलकावर लावलेला जमाखर्च, एवढे जरी केलेत तरी ते शब्दांशिवाय दिलेले दीनचे निमंत्रण ठरेल.

दुसरे ठिकाण आपल्याच उत्साहाचे. ह. मुआज बिन जबल (रजि.) हे तरुण आणि विद्वान सहाबी. त्यांनी इशाच्या नमाजमध्ये इतके दीर्घ पठण केले की दिवसभर उंटांनी पाणी ओढून दमलेला एक माणूस जमाअत सोडून गेला. तक्रार आल्यावर प्रेषितांनी मुआज यांना कठोर शब्दांत समज दिली. मागे म्हातारे, दुर्बल आणि कामाची माणसे असतात, याची आठवण इमामाने ठेवावी. आता महाविद्यालयाचा कार्यक्रम पाहा. शहरात राहणारे पदाधिकारी तो रात्रीपर्यंत लांबवतात आणि खेड्यातील मुलांची शेवटची एस.टी. निघून जाते. मुली तर अशा कार्यक्रमांना येणेच सोडतात. मग मुलींना आवड नाही, असा निष्कर्ष काढला जातो! शेवटच्या एस.टी.ची वेळ विचारून जो कार्यक्रमाची वेळ ठरवतो, त्याला मुआज (रजि.) यांचा प्रसंग कळला. असरची वेळही त्याच वेळापत्रकात बसवता येते. शांतपणे विनंती केली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मुलींविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. मदीनेतील स्त्रियांनी प्रेषितांना सांगितले की तुमच्या भोवती पुरुषांचीच गर्दी असते, आमच्यासाठी एक दिवस ठरवून द्या. प्रेषितांनी दिवस ठरवून दिला आणि त्या दिवशी त्यांना शिकवले. ही हदीस बुखारीत आहे. त्या स्त्रियांनी आपली गरज ओळखली, एकमताने मागणी केली आणि ती योग्य व्यक्तीसमोर मांडली. प्रतिनिधित्व याहून वेगळे काय असते? आपल्या मुली आज महाविद्यालयात मोठ्या उमेदीने शिकत आहेत. परिषदेत महिला प्रतिनिधीची जागा आहे, महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीतही विद्यार्थ्यांना स्थान आहे. हिजाबची मर्यादा पाळणारी, वाणीने सौम्य आणि मुद्द्याला पक्की असलेली मुलगी तेथे बसली, तर तिच्याशी बोलताना इतर मुलींना जो धीर येईल, तो दुसऱ्या कशाने येणार नाही. वडिलांनी परवानगी देताना फक्त परत येण्याची वेळ विचारू नये. आज बैठकीत तू काय मांडलेस, हेही विचारावे.

शेवटी जमातींना एक विनंती. ह. मालिक बिन हुवैरिस (रजि.) आपल्या वयाच्या काही तरुणांसह मदीनेला आले आणि प्रेषितांपाशी वीस रात्री राहिले. त्यांना घरची ओढ लागली आहे हे प्रेषितांनी ओळखले, मागे कोणकोण आहेत याची चौकशी केली आणि सांगितले की आता आपल्या लोकांत परत जा, त्यांना शिकवा, नमाजची वेळ झाली की एकाने अजान द्यावी आणि वयाने मोठा असेल त्याने इमामत करावी. वीस रात्रींचे शिक्षण आणि लगेच जबाबदारी. आपल्याकडे तीन वर्षांचे शिक्षण होते आणि परत आलेल्या तरुणाला जमातीच्या बैठकीत दाराशी बसवून चहा वाटायला सांगितले जाते. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजी तिशीच्या उंबरठ्यावर होते. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या त्या तरुणाच्या बरोबरीने नाखुदा मुहम्मद अली रोगे यांच्यासारखे कोकणी मुसलमान व्यापारी उभे राहिले, म्हणून ते काम उभे राहिले. तेच तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. आपल्यांसाठी शाळा काढणारा माणूस सर्वांच्या सभेचे अध्यक्षपद भूषवू शकतो, यात त्या काळीही विसंगती नव्हती.

तेव्हा प्रत्येक गावच्या जमातुल मुस्लिमीनने यंदा एवढे करावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातील मुला-मुलींची यादी करावी. त्यांच्यापैकी दोघांना, एक मुलगा आणि एक मुलगी, वर्षभरासाठी एखादे खरे काम सोपवावे. दहावी-बारावीच्या मुलांचे शिष्यवृत्ती अर्ज, मशिदीच्या वाचनालयाची व्यवस्था किंवा जमातीचा हिशोब संगणकावर आणणे, यांपैकी काहीही चालेल. त्यांना मशवऱ्यात बसवावे, त्यांचे ऐकून घ्यावे आणि वर्षअखेरीस त्यांच्याकडून हिशोब मागावा. प्रवेशाचे दिवस आहेत, मुले अजून गावातच आहेत. येत्या जुम्याच्या नमाजनंतर यादीला आरंभ करता येईल.